सहा सेबर, एक नॅट आणि धावपट्टीवरचा तो निर्णय

प्रश्न विचारणाऱ्याने एकात तीन प्रश्न गुंफले आहेत. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों एकटे सहा पाकिस्तानी सेबर विमानांना भिडले, याला शौर्य म्हणायचं की अविचार? त्यांनी खरोखर दोन सेबर पाडली का? आणि जेटच्या लढाईत सगळं यंत्राच्या जोरावर, काही सेकंदांत उरकतं, तर वैमानिकाच्या धैर्याला त्यात जागा उरते कुठे?

मी हवाई दलात लढाऊ वैमानिक होतो आणि नंतर बरीच वर्षं नव्या मुलांना शिकवलं. सेखोंचं विमान, म्हणजे नॅट, माझ्या वाट्याला आलं नाही. पण बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने त्याच विमानात सुधारणा करून बनवलेलं अजित मी १९८०च्या दशकात उडवलं आहे. त्यामुळे त्या कॉकपिटमध्ये बसल्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. सेखोंबद्दल जे लिहिलं जातं त्यात शेवटच्या काही मिनिटांवर सगळा भर असतो. माझ्या मते त्यांच्या धैर्याची खरी घडी त्याआधीची आहे. चाकं अजून जमिनीवर होती तेव्हाची. तिथपर्यंत मी सावकाश येतो, कारण विमान आणि जागा समजल्याशिवाय ती घडी कळणार नाही.

नॅट म्हणजे चिलट. नाव अगदी शोभणारं. दोन्ही पंखांचा मिळून पसारा सात मीटरपेक्षा कमी. एस.टी.ची बस आडवी उभी केली तर तिच्या लांबीत हे पंख सहज मावतील. आत बसलं की दोन्ही खांदे कडेला टेकतात. विमान अंगात घातल्यासारखं वाटतं. आपल्या हवाई दलात नॅटची दोन आसनांची आवृत्ती नव्हती. म्हणजे इतर विमानांवर शिकून यायचं, जमिनीवर बसून सगळ्या कळा डोळे मिटून ओळखायच्या, आणि पहिलंच उड्डाण एकट्याने. मागे शिक्षक नाही. अजितवर माझंही तसंच झालं. स्टिक जेमतेम हलवली तरी नाक वर-खाली व्हायचं आणि चाकं आत जाताना तर विमान हातातून निसटतंय असं वाटायचं. पहिल्या दहा उड्डाणांत मी त्या विमानाला घाबरलो होतो. नंतर त्याच्याइतकं बोलकं विमान मला दुसरं मिळालं नाही.

नॅटच्या दुखण्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती या कथेत येतात. शेपटीच्या आडव्या पंखाचं नियंत्रण हायड्रॉलिकवर चालायचं आणि ते बिघडलं की विमान हाताळणं फार कठीण व्हायचं. तोफा अडकायच्या. पण सगळं जागेवर असलं की हे विमान कमी उंचीवर, लहान वर्तुळात, कोणालाही दमवायचं. १९६५च्या युद्धात सेबरविरुद्धच्या कामगिरीमुळे त्याचा दबदबा निर्माण झाला. श्रीनगरच्या घटनेच्या तीन आठवडे आधी, २२ नोव्हेंबर १९७१ ला, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयराच्या आकाशात चार नॅट सेबरशी लढले आणि छत्रीने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक युद्धकैदी झाले. त्यांतले एक, परवेझ मेहदी कुरेशी, पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले.

समोरचं सेबर मात्र काही मोडीत काढलेलं विमान नव्हतं. सहा मशिनगन, प्रत्येकीत ३०० गोळ्या. तेवढ्यात साधारण १५ सेकंद सलग मारा करता येतो. नॅटमध्ये ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा आणि दर तोफेला ११५ गोळे. हिशेब केला तर सहा सेकंदांच्या आसपासचा मारा. एक गोळा बसला तरी समोरच्याचं फार मोठं नुकसान होतं, पण चुकायला जागा नाही. सहा सेकंद म्हणजे ट्रिगरवर बोट ठेवायच्या सात-आठ संधी. त्या संपल्या की तुम्ही निशस्त्र.

आता जागा. श्रीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५,४०० फुटांवर, चहूबाजूंनी डोंगर. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे शांततेच्या काळात तिथे लढाऊ विमानं ठेवली जात नव्हती. युद्ध सुरू झालं तेव्हाच १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची तुकडी अंबाल्याहून तिथे गेली. त्या वैमानिकांना ना खोऱ्याची सवय होती, ना उंचीची, ना काश्मीरच्या डिसेंबरची. सेखोंच्या परमवीर चक्राच्या मानपत्रातही हे आवर्जून नोंदवलं आहे. वाचणाऱ्याला ती ओळ भरतीची वाटेल, मला वाटत नाही. ओळखीच्या मुलखात लढताना वैमानिक अर्धं लक्ष जमिनीवर ठेवत नाही, त्याला आपोआप कळतं की पलीकडे टेकडी आहे, नदी डावीकडे वळते. अनोळखी खोऱ्यात धुकं असताना हे सगळं डोळ्यांनी करावं लागतं, आणि डोळे तर शत्रूवर हवेत.

डोंगरांमुळे रडारचाही फारसा उपयोग नव्हता. पेशावरहून निघालेली विमानं डोंगरांच्या आडून, खालून येतात. इशारा मिळतो तो उंचावरच्या निरीक्षण चौक्यांवरून, माणसाच्या डोळ्यांनी आणि कानांनी. म्हणजे विमानतळावर बातमी पोचेपर्यंत हातात मिनिटंच राहतात.

त्या सकाळी पाकिस्तानच्या २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा सेबर आली. चारांकडे बॉम्ब, दोन त्यांच्या रक्षणाला. नेतृत्व विंग कमांडर चंगेझींचं. इकडे तयारीवर दोन नॅट. लीडर फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन, ज्यांना सगळे ‘जी-मॅन’ म्हणत, आणि त्यांचे नंबर टू सेखों. सेखों प्रत्येकाला ‘ब्रदर’ म्हणत, म्हणून त्यांचंही नाव ब्रदर पडलं होतं. लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालचे. वडीलही हवाई दलातले. १९६७ मध्ये कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून उणीपुरी साडेचार वर्षांची नोकरी.

तयारीवर बसणं हा काय प्रकार असतो तेही सांगतो. विमान धावपट्टीच्या टोकाजवळ, तुम्ही पट्टे आवळून आत. हातमोज्यांतही बोटं बधिर होतात. बोलायला कोणी नाही. मेकॅनिक पंखाखाली उभा, तोही थंडीने हात चोळत. तासन्‌तास काहीच घडत नाही आणि मग सायरन वाजतो. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो असं लोक समजतात. तसं नसतं. हात आपोआप चालतात, आणि म्हणूनच डोकं मोकळं असतं. तेव्हा अगदी स्पष्ट विचार येतात.

स्क्रॅम्बल झाला, म्हणजे तातडीने उड्डाणाचा हुकूम. आधी घुम्मन निघाले. त्यांच्या विमानाने धुळीचा लोट उठवला आणि मागे असलेल्या सेखोंना समोरची धावपट्टी दिसेना. थांबावं लागलं. ती धूळ बसेपर्यंत सेबर माथ्यावर आली होती आणि विमानतळावर बॉम्ब पडू लागले होते.

हीच ती घडी.

या वेळी सेखोंकडे न निघण्याचं अगदी चोख कारण होतं. लीडर पुढे गेलेला, जोडी तुटलेली, वर शत्रू, धावपट्टीवर स्फोट. इंजिन बंद करून खंदकात उडी मारली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. उलट नियमावर बोट ठेवून त्याचं समर्थनही करता आलं असतं. कारण उड्डाण घेणारं लढाऊ विमान म्हणजे आकाशातलं सर्वांत असहाय पाखरू. इंधन भरलेलं, चाकं खाली, वेग इतका कमी की वळायला गेलात तर विमान खाली बसेल. वरून झेपावणाऱ्या सेबरकडे तुमच्या दुप्पट, कदाचित त्याहून जास्त वेग. धावपट्टी सरळ, म्हणजे तुम्ही पुढच्या अर्ध्या मिनिटात कुठे असाल हे शत्रूला आधीच माहीत. डावीकडे-उजवीकडे सरकायचीही सोय नाही. आणि पुढे धावपट्टीला खड्डा पडला आहे की नाही, हे तिथे पोचेपर्यंत कळणार नाही.

सेखोंनी थ्रॉटल पुढे केला.

लढाईत भिडल्यावर माणसाला भीती वाटायला वाव नसतो, हे मी अनेक ज्येष्ठांकडून ऐकलं आहे. शरीरच इतकं कामात असतं. पण धावपट्टीवर, विमान वेग घेत असताना, वैमानिकाला करण्यासारखं फार थोडं असतं. नाक सरळ ठेवायचं आणि वेगाच्या काट्याकडे बघत थांबायचं. ८०, १००, १२० नॉट. त्या वेळात थ्रॉटल मागे ओढायला एक सेकंद पुरतो. तो न ओढणं हा निर्णय एकदा घेऊन भागत नाही, दर सेकंदाला नव्याने घ्यावा लागतो. मी शिकवायचो तेव्हा मुलांना पुढच्या झुंजीचे आराखडे काढून दाखवायच्या आधी हे सांगायचो.

विमान उचललं आणि सेखोंनी सुरक्षित जागा शोधली नाही. कमी उंचीवरून सरळ निघून जाऊन आधी वेग कमवायचा, हाही एक मार्ग होता. ते हल्ला करून बाहेर पडणाऱ्या दोन सेबरच्या मागे लागले. आरटीवर, म्हणजे विमानाच्या रेडिओवर, त्यांचा आवाज ऐकू आला की मी दोन सेबरच्या मागे आहे, यांना सोडणार नाही. मग बाकीची सेबरही त्या वर्तुळात उतरली.

झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरची वर्तुळातली झुंज कशी असते ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विमान ८० अंश कलतं करून उंची न गमावता वळायचं असेल तर साधारण पावणेसहा जी लागतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पावणेसहा पट जोर. ७० किलोच्या माणसाचं वजन चारशे किलो होतं. हेल्मेटसकट डोकं उचलून मागे बघायचं म्हणजे मानेवर पोतं घेऊन वळण्यासारखं. पोट आणि मांड्या आवळून धराव्या लागतात, नाहीतर डोळ्यांपुढचे रंग जातात, कडा काळवंडतात आणि शेवटी पूर्ण अंधार होतो. जाग असते, दिसत नाही. जमीन दोनशे-तीनशे फुटांवर असताना एका क्षणाचा अंधारही पुरे. आणि हे सगळं करताना पुढच्या सेबरच्या पुढे किती रोखायचं याचा अंदाज घ्यायचा, कारण गोळी पोचेपर्यंत ते तिथे राहणार नाही. तेव्हाच मागच्याचं नाक आपल्याकडे वळलं का तेही बघायचं.

‘यंत्रच सगळं करतं’ या समजाचं उत्तर इथे आहे. १९७१च्या या झुंजीत क्षेपणास्त्राने किंवा संगणकाने काही ठरवलं नाही. गनसाइट मदत करते, पण वळण घट्ट करायचं की थोडं सोडून वेग वाचवायचा हे हात आणि पाठ ठरवते. प्रत्येक कडक वळण वेग खातं. गेलेला वेग परत मिळवायचा तर उंची विकावी लागते आणि सेखोंकडे विकायला उंची नव्हतीच. त्यातून श्रीनगरची विरळ हवा. थंडीने ती थोडी दाट होते हे खरं, पण समुद्रसपाटीवर मिळणारा जोर इंजिनाला तिथे मिळत नाही. इतकं असूनही ते एका सेबरच्या मागे पोचत होते आणि त्याच वेळी दुसरं आपल्यावर वरचढ होतंय हेही ओळखत होते. त्यांनी ते आरटीवर सांगितलंही. माझ्या दृष्टीने हे वाक्य फार मोलाचं आहे. संतापाने आंधळा झालेला माणूस असं बोलत नाही. आपली बाजू कुठे पडते आहे हे त्यांना नेमकं दिसत होतं.

आम्ही सरावात एकाविरुद्ध दोन अशी झुंज खेळायचो. कॅमेऱ्याच्या फिल्मवर ‘मारलं’ ठरायचं, गोळी नसायची. दोघे जण नीट समजून उडवत असतील तर एकटा फार काळ टिकत नाही. एकाच्या मागे लागलात की दुसरा तुमच्या मागे येतो, त्याला झटकायला वळलात की पहिला सुटतो. मी चांगल्या दिवशीही यात दीड-दोन मिनिटांच्या वर टिकलेलो नाही, आणि तेव्हा माझ्याकडे वेग होता, उंची होती, ओळखीचा मुलूख होता आणि खाली उतरल्यावर चहा मिळणार होता. म्हणून सेखोंच्या झुंजीचं वर्णन वाचताना मला सगळ्यांत जास्त थक्क करतं ते त्यांचं टिकणं.

घुम्मन मदतीला का आले नाहीत, असा सूर काही जण लावतात. तो अन्यायाचा आहे. उड्डाणानंतर धुक्यात त्यांची आणि झुंजीची नजरभेट तुटली. नॅट इतकं लहान की समोरून किंवा मागून दोन-तीन किलोमीटरवर ते ठिपकाही राहत नाही. शत्रूला ते दिसायचं नाही हा त्याचा गुण, आणि आपल्याच जोडीदाराला दिसायचं नाही हा त्याच गुणाचा दुसरा चेहरा. एकदा नजर तुटली की त्या वेगात, त्या धुक्यात, पुन्हा सापडणं नशिबावर असतं. आरटीवर आवाज येतोय, माणूस दिसत नाही. घुम्मन यांच्यावर त्या मिनिटांत काय गुजरलं असेल याची कल्पना मला करवत नाही.

शेवटी संख्येने बाजी मारली. सेखोंच्या विमानाला गोळ्या लागल्या. खालून स्क्वाड्रन लीडर पठानिया यांनी त्यांना विमानतळाकडे परतायला सांगितलं. हेच वीरेंद्र पठानिया, ज्यांनी १९६५ मध्ये नॅटवरूनच सेबर पाडलं होतं. विमान थोडा वेळ पंख सरळ ठेवून उडत राहिलं आणि मग उलटं होऊन खाली गेलं. नियंत्रण यंत्रणाच निकामी झाली असावी. वर मी शेपटीच्या हायड्रॉलिकबद्दल लिहिलं ते यासाठी. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उडाल्याचं दिसलं, म्हणजे शेवटच्या क्षणी त्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला होता. पण वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या त्या काळच्या आसनाला पुरेशी उंची लागायची आणि उलट्या विमानातून ते माणसाला आकाशाऐवजी जमिनीकडे फेकतं. अवशेष डोंगरातल्या एका घळीत सापडले. देह कधीच मिळाला नाही, पुष्कळ शोधूनही.

दोन सेबर पाडली का? आपल्याकडच्या वर्णनांत म्हटलं जातं की त्यांनी एका सेबरवर मारा साधला आणि दुसऱ्याला आग लावली. पाकिस्तानने या झुंजीत विमान गमावल्याचं मान्य केलेलं नाही. हवाई लढाईत दावे आणि नोंदी जुळत नाहीत हे जगभर होतं. धूर सोडणारं विमान घरी पोचू शकतं आणि आग दिसली म्हणजे ते पडलंच असं नसतं. मला या आकड्यावरून भांडावंसं वाटत नाही. ज्यांच्याशी सेखों लढले त्या बाजूच्या वैमानिकांनीही पुढे या एकट्या नॅटच्या झुंजीची मनापासून तारीफ केली आहे. जे त्या वर्तुळात होते त्यांची साक्ष मला पुरते.

अविचाराचा मुद्दा राहिला. वरचं सगळं वाचून कोणी म्हणेल, एकासमोर सहा, हरणार हे दिसत होतं, मग एक विमान आणि एक वैमानिक वाचवायला काय हरकत होती? पण हल्ला करणाऱ्याच्या बाजूने बघा. बॉम्ब अचूक टाकायचा तर काही सेकंद विमान सरळ, स्थिर धरावं लागतं. आकाशात शत्रूचं एकही विमान नाही हे माहीत असेल तर तो निवांत दुसरी फेरी मारतो, तोफा चालवतो, धावपट्टीनंतर इंधनाच्या टाक्या शोधतो. एक नॅट जरी हवेत आलं, तरी सहाही जणांना मान वळवून मागे बघावं लागतं. श्रीनगरची धावपट्टी म्हणजे हिवाळ्यात खोऱ्यातल्या सैन्याची जीवनवाहिनी. ती राखणं हे सेखोंचं काम होतं आणि त्यासाठीच त्यांना तिथे बसवलं होतं. काम ओळखून केलेल्या धाडसाला अविचार म्हणता येत नाही.

हवाई दलातल्या अधिकाऱ्याला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र सेखोंचं आहे. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांनी काढला. युरोपात जन्मलेल्या, विक्रम खानोलकरांशी लग्न करून मराठी घरच्या झालेल्या. पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांत मी हे सांगतो तेव्हा अनेकांना ते पहिल्यांदाच कळतं, म्हणून इथेही लिहून ठेवतो.

एका व्याख्यानानंतर नववी-दहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं की, काका, आपण मरणार हे त्यांना माहीत होतं का? तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर मी आरटीवरच्या त्या शेवटच्या शब्दांचा पुष्कळ विचार केला. त्यात घोषणा नाही, कोणासाठी निरोप नाही. मला बहुतेक गोळी लागली आहे, आणि लगेच लीडरला हाक, जी-मॅन, ये. ज्याने मरण धरलं आहे तो मदतीला बोलावत नाही. त्यांना ती झुंज पुढे चालवायची होती, जोडीदार आला की दोघांनी मिळून उरलेल्यांना गाठायचं होतं, आणि मग त्याच बॉम्बनी उखणलेल्या धावपट्टीवर उतरायचं होतं.